तिसावा रोजा

१ फेब्रुवारी, बुधवार

ही वही रुकय्याने आणून दिली. "बोलत नाही तर निदान लिहा," असे ती म्हणाली. दुसरे विधान पहिल्यातून निष्पन्न होत नाही, आणि पहिले विधानही अचूक नाही, कारण मी बोलतो. वही मात्र घेतली. पत्नीशी पंचेचाळीस वर्षे वाद घातल्यानंतर कोणता मुद्दा सोडून द्यावा हे कळू लागते.

आज रमजानचा चंद्र दिसला. पश्चिमेकडे धुरकट होते. मशिदीच्या छतावर जमलेल्यांना काही दिसले नाही. आमच्या गच्चीवर शगुफ्ता, म्हणजे माझी सून, वाळलेले कपडे काढायला गेली होती. तिने खाली येऊन दारातूनच सांगितले, "अब्बा, चाँद झाला." मी वर पोहोचेपर्यंत तो धुरात गेला होता.

रोजे सुरू करण्यासाठी, आकाश स्वच्छ नसेल तर, एका विश्वासू व्यक्तीची शहादत, म्हणजे साक्ष, पुरेशी असते. ती व्यक्ती स्त्री असली तरी चालते. आमच्या मोहल्ल्यात या साक्षी तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. वडील मौलवी होते, त्यांनी मला अरबी तर्क शिकवला. पुढे मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. लोकांना वाटते की दोन्ही मिळून चंद्र पारखता येतो. मी मशिदीचे इमाम हाफिजसाहेब यांच्याकडे गेलो.

"सूनबाईंनी स्वतः पाहिला?" त्यांनी विचारले.

"तिने पाहिला म्हणजे पाहिला," मी म्हणालो.

तेवढ्यावर भोंग्यावरून पुकारले गेले.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

वही सुरू केली आहे तर वस्तुस्थिती एकदा लिहून ठेवणे योग्य.

माझा मुलगा तमीम सप्टेंबरात गेला. नाशिक रोडला नोकरी होती. स्कूटरवरून घरी येताना द्वारका चौकाजवळ ट्रकची धडक बसली. वय एकतीस. मूलबाळ नाही. मृतासाठी तीन दिवसांहून अधिक शोक करू नये, हा नियम आहे. अपवाद फक्त पत्नीचा. तिची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते, आणि तेवढा काळ तिने घराबाहेर पडायचे नसते. मी तीन दिवस शोक केला. चौथ्या दिवशी वर्तमानपत्र वाचले. या क्रमात मला आजही दोष दिसत नाही.

शगुफ्ताची इद्दत जानेवारीत संपली. तिचा भाऊ अख्लाक इगतपुरीहून तिला न्यायला आला होता. वडील तेथे रेल्वेत होते, तोही रेल्वेतच आहे. ती म्हणाली, "भाईजान, रमजान इथे करते. ईद झाली की येईन."

मी अख्लाकला स्पष्ट सांगितले की तिच्यावर आमचा कोणताही हक्क उरलेला नाही. ती सव्वीस वर्षांची आहे, तिने पुन्हा निकाह करावा, त्यात गैर काही नाही. तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याला आणखी काही ऐकायचे असावे. परंतु यात भर घालण्यासारखे काही नव्हते.

१२ फेब्रुवारी, रविवार

इद्दतीत दुपारी वेळ जात नाही म्हणून शगुफ्ताने मला तर्कशास्त्र शिकवायला सांगितले होते. ते अजून चालू आहे. ती उत्तम शिकते. तमीमला या विषयाची गोडी नव्हती. तो म्हणे, अब्बांशी वादात जिंकायचे असेल तर जेवायला बसल्यावर घालावा.

आज इफ्तारच्या आधी दस्तरखानावर खजूर मांडता मांडता तिने मला कोडे घातले.

"अब्बा, मेलेली माणसं रडत नाहीत. अब्बाही रडत नाहीत. म्हणून अब्बा मेलेले आहेत. यात चूक कुठे?"

"मधले पद व्याप्त नाही," मी म्हणालो. "दगडही रडत नाहीत. अनुमान सदोष आहे."

"अनुमान सदोष असेल," रुकय्या भजी काढत म्हणाली, "पण निष्कर्ष बरोबर आलाय."

दोघी हसल्या. सप्टेंबरनंतर या घरात कोणी हसल्याचे मला प्रथमच ऐकू आले. अजान झाली आणि आम्ही रोजा सोडला. शगुफ्ताला मी सांगितले की चुकीच्या मार्गानेही कधीकधी खऱ्या निष्कर्षाला पोहोचता येते, तेव्हा निष्कर्ष खरा असणे हा मार्ग बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. हा मुद्दा विद्यार्थ्यांना सहसा उशिरा कळतो. तिला लगेच कळला.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

घरात मृत्यू झाल्यानंतरच्या पहिल्या ईदला आमच्याकडे शिरखुर्मा शिजवत नाहीत. शेजारी आणून देतात. नवे कपडे करीत नाहीत. नमाज झाली की लोक सर्वांत आधी त्या घरी येतात, गळाभेट घेतात, बसतात, आणि मृताबद्दल बोलतात. याला कोणताही धार्मिक आधार नाही. शोकाची मुदत संपलेली असते, आणि ईदच्या आनंदात खंड पाडणे उलट अयोग्य. म्हणून मी सांगितले की शिरखुर्मा घरीच होईल.

रुकय्या म्हणाली, "प्रोफेसर, मला विचारलंत?"

"प्रश्न तुझ्या इच्छेचा नसून आधाराचा आहे."

"मग आधारालाच सांगा दूध आटवायला."

शगुफ्ता मध्ये पडली. "मी करते, अम्मी. तुम्ही नुसत्या बसा. खारका मीच चिरीन, चारोळीही सोलीन." मग माझ्याकडे वळून, "पण अब्बा, जे लोक भेटायला येतील त्यांना काय सांगणार? मुदत संपली, घरी जा?"

मी म्हणालो की आलेल्यास बसवावे. तो आतिथ्याचा भाग आहे, शोकाचा नव्हे.

"म्हणजे तेच करायचं," ती म्हणाली, "फक्त नाव बदलून."

 

२६ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या दुकानातल्या फोनवर अख्लाकचा निरोप आला. ईदच्या दुपारी तो जीप घेऊन येईल. आईला मुलगी ईदच्या दिवशीच घरी हवी आहे. कल्याणकडचे एक स्थळ आहे, ती माणसे ईदनंतर भेटायला येणार आहेत. निरोप शगुफ्ताने घेतला आणि जसाच्या तसा आम्हांला सांगितला, कल्याणच्या स्थळासकट. तिच्या सांगण्यात कधी काही गाळलेले नसते.

मी म्हणालो, "ठीक आहे."

रुकय्या उठून स्वयंपाकघरात गेली. शगुफ्ता थोडा वेळ तेथेच उभी होती. मी पाठाची वही उघडली. आजचा विषय द्विधापत्ती होता, म्हणजे ज्यात दोन्ही पर्याय अडचणीचे असतात. अर्ध्या तासात संपला.

२ मार्च, गुरुवार

एकोणतिसावा रोजा. हा तपशील सविस्तर लिहितो, कारण यावर पुढे चर्चा होईल.

दुपारपासून अवकाळी ढग. द्राक्षवाले धास्तावले आहेत. सूर्यास्ताच्या वेळी पश्चिम पूर्ण झाकलेली होती, फक्त क्षितिजाजवळ एक फट. मशिदीच्या छतावरून कोणाला चंद्र दिसला नाही. शहरात इतरत्र दिसल्याचेही ऐकू आले नाही. बाहेरगावच्या फोनवर आमच्याकडे निर्णय होत नाही.

मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजनंतर फळांचा व्यापारी हनीफ बागवान मशिदीत आला. त्याने आपल्या छतावरून चंद्र पाहिला होता. पाठोपाठ माझ्या घरून निरोप आला की शगुफ्ताने गच्चीवरून पाहिला आहे आणि तिने हाक मारल्यावर रुकय्यानेही वर जाऊन पाहिला आहे.

ईदच्या चंद्राचा नियम कडक आहे. रोजे सुरू करायला एक साक्ष पुरते, संपवायला पुरत नाही. आकाश झाकलेले असेल तर दोन पुरुष हवेत, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया. येथे नेमके तेवढेच होते, एकही अधिक नाही. तिघांपैकी एक साक्ष गळाली तर तीस रोजे पूर्ण करायचे.

हाफिजसाहेब, हनीफ आणि मी आमच्या बैठकीत बसलो. दोघी पडद्याआड होत्या.

हनीफला मी विचारले, कोठे, केवढा, टोके कोणीकडे. त्याने बरोबर सांगितले. "सर, सफरचंदाची फोड असते ना, तशी. पातळ कापलेली. गिऱ्हाईकाला दाखवली तर म्हणेल, एवढीच?" हाफिजसाहेब हसले.

शगुफ्ताने प्रश्नाची वाट न पाहता सांगितले. सूर्य बुडाला त्या जागेच्या डावीकडे, चार बोटे वर, टोके वर आणि किंचित डावीकडे, ढगाची कड खालून लागली होती. नंतर ढग आला. साक्ष निर्दोष होती.

मग रुकय्या. ती म्हणाली, "मी शहादत देते, मी चंद्र पाहिला."

हाफिजसाहेब म्हणाले, "अलहम्दुलिल्लाह. झालं तर मग."

मी म्हणालो, "एक मिनिट." आणि तिला विचारले की ती गच्चीवर पोहोचली तेव्हा ढग किती होता. ती म्हणाली, थोडा. मी विचारले, चष्मा होता का. होता. कोणता, लांबचा की वाचायचा. ती थांबली. लांबचा. उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, डाव्याचे व्हायचे आहे. मग चंद्र कोणत्या डोळ्याने दिसला? दोन्ही डोळ्यांनी. डावा झाकून पाहिला होता का? नाही. शगुफ्ताने बोटाने दाखवल्यानंतर दिसला की आधी?

हाफिजसाहेब हळूच म्हणाले, "सर, इतकं विचारत नाहीत."

मी म्हणालो, लाखभर माणसांचा फर्ज रोजा मोडायचा तर विचारायलाच हवे. (लाखभर हा शब्द चुकीचा होता. आमचा मोहल्ला तेवढा नाही.)

मग मी शेवटचा प्रश्न विचारला. "तुला चंद्र दिसला, की तो तेथे आहे असे तुला वाटले?"

 पडद्याआडून रुकय्या म्हणाली, "वाटलं."

वाटणे ही साक्ष नव्हे. शहादत फेटाळली गेली. हाफिजसाहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि पुकारण्यासाठी निघून गेले: चंद्राची साक्ष सिद्ध झाली नाही, उद्या तिसावा रोजा, ईद परवा. हनीफ चपला घालताना म्हणाला, "सर, मी मात्र पाहिलाय हो. ईमान से." मी म्हणालो की त्याच्या सच्चेपणाबद्दल शंका नाही. संख्येबद्दल आहे.

शगुफ्ता पडद्याबाहेर आली.

"माझं काय, अब्बा? मी तर पाहिलाय."

"ज्याने ईदचा चंद्र एकट्याने पाहिला आणि ज्याची साक्ष मान्य झाली नाही, त्यानेही सर्वांबरोबर रोजा ठेवायचा. ईदही सर्वांबरोबरच."

"म्हणजे उद्या माझी ईद आहे, हे मला माहीत, आणि उद्या माझा रोजा."

"होय."

"बरं," ती म्हणाली, आणि भिजत घातलेल्या खारका पाण्यातून काढायला गेली. त्यांना आणखी एक दिवस काढायचा होता.

अख्लाकला फोन करून सांगितले की जीप शनिवारी आणावी.

३ मार्च, शुक्रवार

तिसावा रोजा.

दिवस मोकळा मिळाला होता. मी सकाळी पाठाची वही काढून बैठकीत बसलो. शगुफ्ता खारकांच्या कातळ्या करत होती. मी म्हणालो, शेवटचे प्रकरण राहिले आहे, आज घेता येईल. ती म्हणाली, "आज नको, अब्बा." डोके दुखते का असे विचारले, तर म्हणाली, नाही. कारण तिने दिले नाही. मी बसून राहिलो. ती खारका चिरत राहिली. ईदचा दिवस आहे हे माहीत असताना त्या दिवशी रोजा ठेवणे हे मला कधी करावे लागलेले नाही, त्यामुळे त्याची कल्पना नाही. तिचे ओठ सुकलेले होते. तिसाव्या दिवशी सगळ्यांचेच असतात.

जुम्म्याच्या नमाजहून परतताना यज्ञेश्वर भेटला. तो माझ्याबरोबर कॉलेजात संस्कृत शिकवीत असे.

"काय मियाँ, ईद पुढे ढकललीत म्हणे! आमच्याकडे सण पंचांगात छापून येतो, भांडायला वाव नाही. तुमच्याकडे साक्षीदार तपासतात. कोण होते साक्षीदार?"

मी सांगितले.

तो हसता हसता थांबला. "बायको आणि सून साक्षीदार, आणि न्यायाधीश तुम्ही?"

"आप्त साक्षीदार असतील तर न्यायाधीशाने अधिक कठोर असावे," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला. "उद्या येतो. शिरखुर्मा आहे ना, की तोही फेटाळलात?"

सूर्यास्तापर्यंत आकाश धुतल्यासारखे स्वच्छ झाले होते. चंद्र शोधावा लागला नाही. चांगला वर होता, जाड, आणि बराच वेळ मावळला नाही. रस्त्यात पोरे ओरडत होती. हनीफ बागवान खालून जाताना वर पाहून म्हणाला, "सर, आजची फोड बघा. ही कालच कापलेली आहे."

चंद्राच्या आकारावरून किंवा उंचीवरून तो आदल्या दिवशीचा आहे असे ठरवता येत नाही. याबाबत जुन्या ग्रंथांत स्पष्ट मत आहे. मी ते गच्चीवर रुकय्याला सांगितले. ती कठड्याला धरून उभी होती.

"काल मला दिसला होता," ती म्हणाली. "कोर न् कोर. उजव्या डोळ्याने."

"मग तसे का नाही सांगितलेस?"

"सांगितलं होतं. तुम्ही पुन्हा विचारलंत. पुन्हा सांगितलं. पुन्हा विचारलंत. इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यांची एवढी चौकशी कधी केली नव्हतीत. मग तुमचा आवाज ऐकला आणि म्हटलं, राहू दे. एक दिवस राहू दे."

मी तिला सांगितले की जाणून-बुजून साक्ष लपवणे हे पाप आहे.

"माहीत आहे," ती म्हणाली. "वाटून घेऊ."

काय वाटून घ्यायचे हे तिने सांगितले नाही. पाप लपवणाऱ्याचे असते, विचारणाऱ्याचे नव्हे. माझे प्रश्न नियमबाह्य नव्हते. ते मी मनाशी पुन्हा एकदा क्रमाने तपासले. प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे योग्य आहे.

४ मार्च, शनिवार

ईद-उल-फित्र.

सकाळी स्नान, धुतलेला जुना अंगरखा, अत्तर, विषम संख्येने खजूर. फित्राचे, म्हणजे गरिबांना द्यायच्या दानाचे, गहू नमाजच्या आधी पोचते केले. मशिदीला एका रस्त्याने जावे आणि दुसऱ्या रस्त्याने परत यावे अशी सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे. जाताना काझीपुऱ्यातून गेलो, येताना मंडईकडून आलो. तमीम बरोबर असे तेव्हा तो मंडईत थांबून दहा जणांशी गळाभेट घेई आणि मला खोळंबून राहावे लागे. आज लवकर पोहोचलो.

लोक आले. हाफिजसाहेब सर्वांत आधी. मग गल्लीतले सगळे. प्रत्येकाने मिठी मारली आणि प्रत्येक जण तमीमबद्दल काही बोलला. मी ऐकले. शेजाऱ्यांनी प्रथेप्रमाणे शिरखुर्मा आणला होता. शगुफ्ताने केलेलाही होता. दोन्ही वाढले गेले. शगुफ्ता आतबाहेर करीत होती. साध्या, इस्त्री केलेल्या कपड्यांत होती. बायका आत रुकय्यापाशी बसल्या होत्या. तेथून रडण्याचा आवाज आला आणि थांबला. मी पुढच्या माणसाला वाटी दिली.

अख्लाक दुपारी आला. जीपच्या ड्रायव्हरला परत जाऊन दुसरे भाडे घ्यायचे होते, म्हणून अख्लाक उभ्या उभ्याच शिरखुर्मा खात होता. "मामू," तो मला म्हणाला, "काल अम्मीने सगळं शिजवून ठेवलं होतं. तिकडे चाँद दिसला होता ना, सगळ्यांची काल झाली. आमची तेवढी राहिली, हिच्यासाठी. आता आज तरी उशीर नको."

शगुफ्ताची बॅग दारात होती. ती रुकय्याच्या गळ्यात पडून बाहेर आली आणि मला सलाम करण्यासाठी वाकली. तिच्या डोक्यावर हात ठेवून दुआ द्यायची असते. मी हात ठेवला. दुआचे शब्द मला पाठ आहेत. ते म्हणण्याऐवजी मी म्हणालो, "आजचा दिवस राहा."

अख्लाक वाटी हातात धरून थांबला. "का? काय झालं, मामू?"

"काही झाले नाही."

"मग कारण?"

मी कारण शोधले. शेवटचे प्रकरण राहिले आहे, हे कारण होऊ शकले असते. रुकय्याला बरे नाही, हे खोटे ठरले असते. जीप उद्याही मिळेल, हे कारण नव्हते, सोय होती.

"कारण नाही," मी म्हणालो.

माझ्या तोंडून हे वाक्य या घरात कोणी ऐकलेले नसावे. रुकय्या आतून दारापर्यंत आली. शगुफ्ताने मान वर केली. तिचा चेहरा रागाचा नव्हता. पाठ चुकला की ती जशी मन लावून पुन्हा पाही, तसा होता.

"अब्बा," ती म्हणाली, "तो दिवस काल होता."

विधान सत्य होते. 

वहाणा घालून जीपपर्यंत गेलो. बॅग मी उचलली होती, ती अख्लाकने माझ्या हातातून घेतली. शगुफ्ता मागे बसली. जीप गल्लीतून मागे मागे घेत न्यावी लागली, कारण वळायला जागा नव्हती, आणि तिचा चेहरा बराच वेळ आमच्याकडेच होता. ती काही बोलली असेल तर इंजिनच्या आवाजात ऐकू आले नाही.

संध्याकाळी यज्ञेश्वर आला. रुकय्याने त्याला वाटी भरून दिली. त्याने घरात इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "सूनबाई?"

"माहेरी गेली."

"कधी येणार?"

मी म्हणालो, "ती येणार नाही." तो चमचा वाटीत ठेवून बसला. मग रुकय्या माझ्या शेजारी येऊन बसली, यज्ञेश्वर समोर असताना ती सहसा बसत नाही.  थोड्या वेळाने मला जाणवले की दोघेही माझ्याकडे पाहत आहेत. रुकय्याने पदराने माझा चेहरा पुसला. पदर ओला झाला.